‘तू बोल, आम्ही तुझ्या पाठीशी आहोत’

वाचकाचे पत्र

मी सोलापूर जिल्ह्यातील एका गावात राहतो. वय एकतीस, कृषी पदवीधर. तालुक्याच्या गावी एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतो. घरची सहा एकर जमीन असून त्यांपैकी साडेतीन एकर ऊस आहे. आजोबा गेल्यानंतर सहकारी साखर कारखान्यातील त्यांचा शेअर माझ्या नावावर झाला. गेल्या हंगामातील उसाचा पहिला हप्ता आम्हांला अडीच महिन्यांनी मिळाला आणि उरलेली रक्कम अजून यायची आहे. वजनकाट्याबद्दल गावात कुजबुज आहे, आणि खुशाली, म्हणजे मजुरीखेरीज वरचे पैसे, दिल्याशिवाय तोडणीची टोळी रानात उतरत नाही.

वार्षिक सभा सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आहे. विकास सोसायटीचे माजी चेअरमन, ज्यांना मी लहानपणापासून तात्या म्हणतो, रोज संध्याकाळी पंधरा-वीस जणांना घेऊन घरी येतात. ‘तू शिकलेला आहेस, तुला कायदा कळतो, सभेत सगळ्यांच्या वतीने तू बोल, आम्ही तुझ्या पाठीशी आहोत,’ असा त्यांचा आग्रह आहे. मी टाळाटाळ केली की शेतकरी संघटनेच्या नेत्याचे नाव घेऊन ‘शरद जोशी घाबरले असते तर?’ असे विचारतात. मागच्या वर्षी एक सभासद बोलायला उठले, तेव्हा ‘मंजूर, मंजूर’च्या गजरात त्यांचा माइक बंद करण्यात आला आणि पुढच्या हंगामात त्यांचा ऊस मार्चअखेरपर्यंत रानात उभा राहिला. त्यात मी शिकवतो ते महाविद्यालय कारखान्याच्या अध्यक्षांच्याच शिक्षणसंस्थेचे आहे. आई म्हणते, यात पडू नकोस. वडील काहीच बोलत नाहीत. नाही म्हटले तर गावात भित्रा ठरेन. मी काय करावे?

— एक सभासद

उत्तर

सभा जवळ आली आहे, म्हणून माझे मत आधी सांगते आणि कारणे मागाहून. या सभेत तुम्ही सर्वांच्या वतीने बोलू नये. स्वतःच्या बिलाबद्दल लेखी प्रश्न जरूर द्यावा, सामूहिक अर्जाचा मसुदाही तुम्हीच करावा आणि त्यावर इतरांबरोबर सहीही करावी. परंतु माइकसमोर एकटे उभे राहून ‘आमच्या गावाचे म्हणणे असे आहे’ हे वाक्य उच्चारू नये. तुमच्या पत्रात भीतीबद्दल बरेच लिहिले आहे, आणि ती भीती रास्त आहे. तथापि माझ्या सल्ल्याचे पहिले कारण ते नाही. गावाचे म्हणणे काय आहे, हे अजून ठरलेलेच नाही, हे पहिले कारण आहे.

तुमच्या घरी रोज येणाऱ्या मंडळींनी आतापर्यंत तुम्हांला नेमके काय दिले आहे, याचा विचार करा. पाठिंबा दिला आहे, पण तोंडी. तक्रारी सांगितल्या आहेत, त्याही तोंडी. कोणाचे बिल किती दिवसांनी आले, कोणाच्या पावतीवर किती वजन आहे, कोणी कोणत्या कागदावर सही केली आहे, यांपैकी एकही गोष्ट तुमच्या हातात असल्याचे पत्रावरून दिसत नाही. सहकार कायद्याच्या दृष्टीनेही तुम्ही त्यांचे प्रतिनिधी ठरत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम २७ प्रमाणे प्रत्येक सभासदाला एकच मत असते, शेअर एक असो वा पन्नास. आणि ते मत त्याने स्वतः हजर राहून द्यायचे असते, दुसऱ्याकरवी नव्हे. म्हणजे तात्यांना जो अधिकार आहे त्यापेक्षा अधिक काही तुम्हांला नाही. तुमच्याकडे शेअर येऊन थोडाच काळ झाला आहे, त्यांच्याकडे तो बहुधा कैक वर्षांपासून आहे. वीस सभासदांनी आपापला अधिकार खिशात ठेवून एकविसाव्याला पुढे करण्यात त्यांची सोय आहे, हे मान्य करायला हरकत नाही. त्या सोयीची किंमत कोण मोजणार, हा प्रश्न मात्र विचारला पाहिजे.

आता तक्रारींकडे वळू या. तुमच्या पत्रात तीन तक्रारी आहेत आणि त्या तीन वेगवेगळ्या जातीच्या आहेत.

बिल उशिरा मिळणे ही सर्वांत पक्की तक्रार आहे. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणे ऊस कारखान्याला पोहोचल्यापासून १४ दिवसांच्या आत त्याची किंमत दिली गेली पाहिजे आणि त्यानंतर जितके दिवस उशीर होईल तितक्या दिवसांचे वार्षिक १५ टक्के दराने व्याज कारखान्याने दिले पाहिजे. समजा, तोडणी-वाहतूक वजा जाता तुमचे तीन लाख रुपये देणे होते आणि ते मुदत संपल्यावर ६० दिवसांनी हाती आले, तर व्याज सुमारे ७,४०० रुपये होते. ही रक्कम मागणे म्हणजे उपकार मागणे नव्हे. परंतु याच तरतुदीत एक छोटासा अपवाद आहे, आणि तो सभेत नेमका तुमच्या अंगावर येऊ शकतो: दोन्ही पक्षांत वेगळा लेखी करार झाला असेल, तर १४ दिवसांचे बंधन त्या करारानुसार बदलते. ऊस नोंदीच्या वेळी चिटबॉय (उसाची नोंद घेणारा कारखान्याचा कर्मचारी) किंवा शेतकी विभागाचा माणूस जो कागद समोर ठेवतो, त्यावरील बारीक अक्षरे आपल्यापैकी किती जण वाचतात? पैसे टप्प्याटप्प्याने घेण्यास संमती आहे, असे वाक्य त्यात असू शकते.

सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणानिमित्त मी अनेक वार्षिक सभा पाहिल्या आहेत. तिथे तक्रार करणाऱ्याला गप्प करण्याचा सर्वांत परिणामकारक मार्ग आरडाओरड हा नसतो. कार्यकारी संचालक शांतपणे फाइल उघडतात आणि ज्यांच्या वतीने तुम्ही बोलत आहात त्यांच्यापैकीच चौघांची सही असलेले संमतिपत्र वाचून दाखवतात. त्या क्षणी ते चौघे खाली मान घालून बसतात आणि उभे असता ते तुम्ही एकटेच. म्हणून प्रत्येकाने काय सही केली आहे हे पाहिल्याशिवाय ‘आम्हां सर्वांना १४ दिवसांत पैसे मिळाले नाहीत’ असे म्हणणे धोक्याचे आहे. ज्यांनी अशी सही केलेली नाही त्यांची तक्रार वेगळी मांडली पाहिजे. ज्यांनी केली आहे त्यांचा प्रश्न वेगळा आहे, आणि तो कमी महत्त्वाचाही नाही, कारण न वाचता घेतलेल्या सहीला संमती म्हणायचे का, हे त्यांनी जरूर विचारावे. मात्र तो त्यांनी स्वतः विचारला तरच त्याला वजन येईल.

कारखान्याकडून आणखी एक उत्तर येईल, त्यासाठीही तयारी हवी. एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर, दोन टप्प्यांत देण्याची मुभा राज्य शासनाने फेब्रुवारी २०२२ च्या निर्णयाने दिली होती आणि बरेच कारखाने तिचा दाखला देत आले. मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय मार्च २०२५ मध्ये रद्द केला. हे ठाऊक नसेल तर जुना दाखला ऐकून गप्प बसावे लागते.

दराबाबतही गावात चालणारी चर्चा तपासून घ्यावी. केंद्राने २०२४-२५ च्या हंगामासाठी टनाला ३,४०० रुपये आणि २०२५-२६ साठी ३,५५० रुपये एफआरपी जाहीर केली, हे आकडे पारावर सगळ्यांना पाठ असतात, ते १०.२५ टक्के साखर उताऱ्यासाठी (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणासाठी) आहेत, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. उतारा घटला की दर घटतो, आणि ९.५ टक्के किंवा त्याहून कमी उतारा असलेल्या कारखान्यासाठी २०२५-२६ चा दर टनाला ३,२९०.५० रुपये आहे. त्यातूनही तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा होतो. सोलापूर भागात उतारा अनेकदा कोल्हापूर-सांगलीच्या मानाने कमी राहतो, त्यामुळे ‘आम्हांला ३,५५० का नाहीत?’ हा प्रश्न ऐकायला जोरदार असला तरी त्याचे उत्तर कारखान्याच्या खिशात तयार असते. ‘तोडणी-वाहतुकीपोटी टनामागे किती कपात झाली आणि तिचा हिशेब अहवालाच्या कोणत्या पानावर आहे?’ हा प्रश्न तितका जोरदार वाटत नाही, पण त्याला उत्तर द्यावेच लागते. तुम्ही शिक्षक आहात. दोन प्रश्नांतला हा फरक तुम्हांला सांगायला नको.

वजनकाट्याची तक्रार खरी असू शकते आणि निव्वळ अफवाही असू शकते. तुमच्या पत्रातील ‘कुजबुज’ हा शब्द प्रामाणिक आहे. कुजबुज सभेत मांडू नये. तिच्यासाठी वेगळी यंत्रणा आहे. काट्याची पडताळणी वैधमापन शास्त्र विभागाकडून दरवर्षी व्हावी लागते, तिचे प्रमाणपत्र पाहायला मागता येते आणि हंगामात जिल्हा पातळीवर भरारी पथके नेमली जातात. बाहेरच्या काट्यावर वजन करून आणलेला ऊस कारखान्यांनी नाकारू नये, अशी सूचनाही साखर आयुक्तालयाने यापूर्वी काढली आहे. ज्यांना संशय आहे त्यांच्यापैकी तिघा-चौघांनी येत्या हंगामात दोन-दोन खेपा आधी बाहेर तोलाव्यात आणि दोन्ही पावत्या जपून ठेवाव्यात. दोन्हीकडचे भरलेले आणि रिकामे वजन हातात असेल तर बोलण्याची गरजच उरत नाही, कागद वैधमापन निरीक्षकाकडे द्यावा. आणि फरक निघाला नाही तर एक संशय कायमचा मिटेल, हेही काही थोडे नाही.

खुशालीबद्दल थोडक्यात लिहिते, कारण हा विषय तक्रार करणाऱ्यांनाही अडचणीचा आहे. टोळीला खुशाली आणि वाहनचालकाला एन्ट्री, म्हणजे असेच वरचे पैसे, देऊन आपला ऊस पाळीच्या आधी तोडून घेणारे जे आहेत, त्यांच्यापैकी काही जण तुमच्या घरी संध्याकाळी बसलेले असण्याची दाट शक्यता आहे. हा मुद्दा या खेपेस अर्जात घेऊ नका.

आता भीतीकडे येऊ. वार्षिक सभा कायद्याने ३० सप्टेंबरपूर्वी घ्यावी लागते आणि गळीत हंगाम त्यानंतर दीड-दोन महिन्यांत सुरू होतो. म्हणजे ज्या दिवशी सभासदाला बोलण्याचा अधिकार आहे, त्या दिवशी त्याचा ऊस रानात उभा आहे, त्याची तोड कधी द्यायची हे दुसऱ्याच्या हातात आहे, आणि सभासदाने नोंदलेला ऊस कारखान्यालाच घालण्याचे बंधन बहुतेक कारखान्यांच्या पोटनियमांत आहे. तोड लांबली की तुरा येतो, वजन घटते, खोडव्याला (त्याच बुंध्यातून येणाऱ्या पुढच्या पिकाला) उशीर होतो, उन्हाळ्यात पाणी आणखी द्यावे लागते. मागच्या वर्षी बोललेल्या सभासदाचे जे झाले ते सूडबुद्धीने झाले की पाळीपत्रकानुसार, हे मी इथे बसून सांगू शकत नाही. पण गावाने त्याचा जो अर्थ काढला तो सर्वांना गप्प बसवायला पुरेसा ठरला. मग बोलणारा निवडायचाच असेल तर तो या फासात नसलेला असावा. ज्याच्या रानात यंदा ऊसच नाही, ज्याने ऊस मोडून सोयाबीन किंवा तूर केली आहे, असा एखादा सभासद तुमच्या गावात असेलच. निवृत्त झालेला, पेन्शन घेणारा, मुले पुण्या-मुंबईला असलेला एखादा सभासद असेल. त्यांच्याकडे कोणी का गेले नाही, आणि नव्या शेअरधारकाकडे, ज्याचा ऊसही उभा आहे आणि नोकरीही अडकली आहे, त्याच्याकडेच सगळे का आले? तुम्ही बोलके आणि शिकलेले आहात, एवढेच कारण असेल तर बरे. परंतु तुम्हांला नाही म्हणणे जमत नाही, हेही कारण असू शकते.

नोकरीच्या बाबतीत तुमची दिशाभूल करायची नाही. तासिका तत्त्वावरील शिक्षकाला पुढच्या सत्रात बोलावले नाही, तर त्याविरुद्ध लढण्यासाठी त्याच्या हातात जवळजवळ काहीच नसते. कारखाना, शिक्षणसंस्था, दूध संघ, पतसंस्था एकाच वाड्याच्या ओसरीवर असणे हे आपल्याकडील सहकाराचे जुने वास्तव आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी लोणीला शेतकऱ्यांचा कारखाना उभा केला, तेव्हा सभासद हा मालक असेल ही कल्पना होती. कागदावर ती आजही तशीच आहे. मालकाने आपल्याच कारखान्याच्या सभेत प्रश्न विचारायला कचरावे, यातली विसंगती मला दिसते आणि तिचा रागही येतो. पण त्या रागाचा खर्च तुमच्या मासिक मानधनातून भागवावा, असे सांगण्याचा अधिकार मला नाही, आणि तात्यांनाही नाही. तो निर्णय केवळ तुमचा आणि तुमच्या घरच्यांचा आहे.

शरद जोशींचे नाव तात्यांनी घेतले, म्हणून तेही पाहू. परदेशातील नोकरी सोडून आल्यावर जोशींनी आधी चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली, ती स्वतः कसली आणि उत्पादनखर्चाचा हिशेब स्वतःच्या वहीत मांडला. कांद्याचे आंदोलन आणि १९८० चे नाशिक भागातील ऊस आंदोलन त्यानंतरचे आहे. तोवर त्यांच्यामागे संघटना उभी राहिली होती आणि रस्त्यावर बसायला, तुरुंगात जायला हजारो शेतकरी स्वतः तयार होते. त्यांच्या धैर्याचा दाखला द्यायचा असेल तर त्या हजारोंचाही द्यावा. तात्यांना तुमच्यात शरद जोशी दिसत असतील तर आनंद आहे. त्यांनी स्वतः मात्र त्या हजारोंतला एक होण्याची तयारी दाखवलेली मला पत्रात कुठे दिसली नाही.

आणखी एक गोष्ट चौकशी करून पाहा, मला ठाऊक नाही म्हणून आरोप करत नाही. कारखान्याच्या संचालक मंडळाची निवडणूक कधी आहे? तात्या किंवा त्यांच्या सोबतच्या मंडळींपैकी कोणी मागच्या वेळी विरोधी पॅनेलमध्ये होते का? विरोधी पॅनेल असणे यात काही गैर नाही. उलट जिथे ते नसते तिथे सभा वीस मिनिटांत आटोपून जेवणाची पंगत बसते. पण निवडणुकीच्या आदल्या वर्षी कोरी पाटी असलेला, कोणत्याही गटाचा शिक्का नसलेला तरुण सभेत अध्यक्षांवर तुटून पडला, तर त्याचा उपयोग कोणाला होतो हे समजून घेऊनच उठावे. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणाऱ्याला गोळी झाडल्याचा धक्का बसत नाही.

म्हणून तात्यांना थेट उत्तर द्या, आणि ते चार माणसांसमोर द्या, कारण एकांतात दिलेल्या उत्तराचे गावात काहीही होऊ शकते. साधारण असे म्हणा: ‘तात्या, तुमचा माझ्यावर विश्वास आहे हे माझ्यासाठी मोठे आहे. मी अर्ज लिहून देतो, प्रत्येकाचे बिल तपासून देतो. पण बोलणे ज्याचे त्याने करायचे. अर्जावर चाळीस सह्या होऊ देत, त्यांत तुमचीही असू दे, आणि सभेत पाच जणांनी एकेक प्रश्न विचारायचा. पाच जण मिळाले नाहीत तर माझ्या एकट्याच्या बोलण्याला काही अर्थ नाही.’ हे ऐकल्यावर जे उद्या संध्याकाळी बिलांच्या झेरॉक्स घेऊन येतील, ते तुमच्या पाठीशी आहेत. जे ‘बघू, सांगतो’ म्हणून उठतील त्यांच्याशी भांडू नका. त्यांनाही पोरेबाळे आहेत आणि त्यांचाही ऊस उभा आहे. गप्प राहण्याचा जो हक्क तुम्ही स्वतःसाठी मागत आहात तो त्यांनाही आहे. फक्त गप्प राहायचे आणि दुसऱ्याला उठवायचे, हे दोन्ही एकदम करता येत नाही, एवढे त्यांना कळले म्हणजे झाले.

कागदांचे काम मात्र मनापासून करा. तिथे तुमच्या शिक्षणाचा खरा उपयोग आहे आणि तुमच्या बोलण्यापेक्षा गावाला त्याची गरज अधिक आहे. प्रत्येक इच्छुक सभासदाकडून वजनाच्या पावत्या, बिल, बँकेच्या पासबुकाचे पान आणि नोंदीच्या कराराची प्रत मागा. करार नसेल तर त्या सभासदाने स्वतः कारखान्याकडे लेखी मागावा. कलम ३२ प्रमाणे पोटनियम, लेखापरीक्षित ताळेबंद, सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त आणि स्वतःच्या व्यवहारांच्या नोंदी पाहण्याचा सभासदाला हक्क आहे, आणि शुल्क भरून प्रती मागितल्यास कारखान्याला त्या एका महिन्यात द्याव्या लागतात. मग एका साध्या तक्त्यात नाव, ऊस पोहोचल्याची तारीख, टनेज, देय रक्कम, मिळाल्याची तारीख, उशिराचे दिवस आणि व्याज एवढेच भरा. गावाच्या तक्रारीला तुमच्या आवाजापेक्षा या तक्त्याने अधिक धार येईल, कारण त्यात विशेषण नसेल.

अर्जावरील सह्या आडनावांच्या वर्णानुक्रमाने घ्या. पहिली सही कोणाची, म्हणजे म्होरक्या कोण, हा शोध आपोआप निरर्थक होतो. अर्जाची भाषा मवाळ ठेवा; ‘लूट’, ‘भ्रष्टाचार’, ‘काटामारी’ हे शब्द त्यात नकोत. थकीत एफआरपी आणि विलंबाचे व्याज, एवढाच विषय. अर्ज कार्यकारी संचालकांच्या नावे द्या आणि प्रत सोलापूरच्या प्रादेशिक सहसंचालक (साखर) कार्यालयाला व पुण्याच्या साखर आयुक्तांना पाठवा. थकबाकी सिद्ध झाली तर ती जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करण्याचा, म्हणजे आरआरसीचा, आदेश तिथून निघतो. तो सभेतल्या भाषणाने निघत नाही. हे तात्यांनाही समजावून सांगा, कारण पुष्कळ सभासदांचा अजूनही असा समज आहे की सभेत कोणीतरी खडे बोल सुनावल्यावर बिले निघतात.

सभेसाठीचे प्रश्न वेळेत द्यायला हवेत. वार्षिक अहवालात सभेची नोटीस छापलेली असते आणि तिच्याखालच्या सूचनांत प्रश्न किती दिवस आधी लेखी पोहोचले पाहिजेत हे दिलेले असते. ती तारीख चुकली की ‘आपला प्रश्न मुदतीत आलेला नाही’ एवढ्या एका वाक्यात विषय संपतो. तुम्ही स्वतःचा एकच प्रश्न द्या, स्वतःच्या बिलाबद्दल, स्वतःच्या सभासद क्रमांकासह. एवढा प्रश्न विचारणारा माणूस बंडखोर ठरवता येत नाही, आणि उत्तर मिळाले नाही तरी प्रश्न दिल्याची नोंद तुमच्याकडे राहते.

सभासदत्व काढून घेतील, अशी धास्तीही अशा वेळी मुद्दाम पसरवली जाते. ते तितके सोपे नाही. कलम ३५ नुसार सभासदाला काढण्यासाठी त्याच कारणासाठी बोलावलेल्या सर्वसाधारण सभेत तीन-चतुर्थांश बहुमताचा ठराव लागतो, त्या सभासदाला बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते आणि निबंधकांची मान्यता लागते. बिलाचे व्याज मागितले म्हणून हे कोणी सहजासहजी करणार नाही.

वडिलांच्या मौनाबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिले आहे, पण मला ते पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाटले. ऊस त्यांनी वाढवला आहे, तोडीची वाट त्यांनी पाहिलेली आहे, आणि शेअर आजोबांकडून थेट तुमच्याकडे आला आहे. सभासद नसूनही परिणाम भोगणारे तेच आहेत. तात्यांना उत्तर देण्याआधी त्यांच्याशी बोला, सल्ला विचारा असे नव्हे, त्यांना किती झेपेल ते विचारा. तोड एक महिना लांबली तर घर कसे चालेल, सोसायटीच्या कर्जाचा हप्ता कुठून जाईल, याचा हिशेब त्यांच्याजवळ तयार असेल. आईलाही त्यात बसवा. ‘पडू नकोस’ या तिच्या म्हणण्यामागे असाच एखादा हिशेब असेल.

राहिला प्रश्न भित्रा ठरण्याचा. काही जण म्हणतील. तुमच्या हातचा तक्ता पाहून काही जण म्हणणार नाहीत. प्राचार्यांनी बोलावून विचारले, तर लपवाछपवी न करता सांगा की माझ्या नावावर शेअर आहे, माझे बिल उशिरा आले आहे आणि त्याबद्दल मी नियमाप्रमाणे लेखी विचारणा केली आहे. इतरांबद्दल विचारले तर त्यांचे म्हणणे त्यांच्याकडूनच घ्यावे, असे नम्रपणे सांगा. आणि अर्ज द्यायला दोघे-तिघे मिळून जा. आवक विभागात दुसऱ्या प्रतीवर तारीख आणि शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका. पोच देण्यास नकार मिळाला तर त्याच दिवशी तोच अर्ज टपालाने, पोचपावतीसह, पाठवा.